माझ्याच अक्षरातली अकरा पाकिटं

सकाळच्या गाडीला अजून वीस मिनिटं होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, मला स्टेशनच्या बाकावर बसवून तिकिटाबद्दल समजावून सांगत होते. रेल्वेच्या नव्हे, विमानाच्याही नव्हे. टपालाच्या.

“तिथं पोस्टात मशीन असतंय. पैशे टाकले की छापील चिठ्ठी बाहेर येती, तीच पाकिटावर डकवत्यात. तसलं नको. खिडकीवर जायचं, खरं तिकीट मागायचं. आन् शिक्का हातानं मारून घ्यायचा. गोल, तारीख वाचता यील असा, तिकिटाच्या कोपऱ्यावर. चित्राच्या तोंडावर मारू द्यायचा नाय.”

आई माझ्या पिशवीत धपाट्यांचा डबा कोंबत होती. “पोरगं परमुलखात चाललंय आन् तुमचं तिकीट काय सुटंना,” ती म्हणाली. अण्णांनी खिशातून पारदर्शक कागदाच्या लहान पाकिटांचा एक गठ्ठा आणि चपट्या टोकाचा चिमटा काढून माझ्या हातावर ठेवला. “फोन करू नको म्हणत नाय मी. पण महिन्याला एक पाकीट पाठव. आत चार ओळी लिही.”

गाडी हलली तेव्हा आई रडत होती आणि अण्णा फलाटावरून हातानं शिक्का मारल्याची खूण करत होते. ठोक, ठोक. औरंगाबाद सोडतानाचं माझ्याकडं असलेलं चित्र हे आहे. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं.

वाळूजच्या कारखान्यात साचे बनवण्याच्या विभागात मी नऊ वर्षं काढली होती. तिथूनच चेक देशातल्या ब्रनो नावाच्या शहरात नोकरी मिळाली. आमच्या भावसिंगपुऱ्यातल्या गल्लीत तोवर दुबईच्या पलीकडं कुणी गेलं नव्हतं. अण्णांनी मात्र तो देश ऐकून ठेवला होता. “त्यांची तिकिटं लई सुबक. धातूवर हातानं कोरून छापत्यात,” एवढीच त्यांची प्रतिक्रिया.

अण्णा पोस्टमन होते. पाचोडला बारा वर्षं सायकलवर टपाल वाटलं, मग बदली होऊन शहरात छाननीच्या कामाला आले. धम्मदीक्षा घेतलेल्या घरात जन्मलेले, दहावीपर्यंत शिकलेले. जगाचा भूगोल त्यांना तिकिटांवरून पाठ झालेला. त्यांच्या संग्रहाचा विषय बुद्ध हा होता. श्रीलंका, जपान, भूतान, थायलंड, जिथून म्हणून बुद्धाचं तिकीट निघालं असेल ते त्यांना हवं असे. एकाच विषयावरच्या अशा संग्रहाला थिमॅटिक म्हणतात, हे मी सहावीत असताना त्यांच्याकडूनच शिकलो. शाळेत बाई तोंडी परीक्षा घेत, घरी अण्णा घेत.

“मिंट म्हंजी?”

“न वापरलेलं. मागचा गोंद शाबूत.”

“कव्हर म्हंजी?”

“तिकीट, शिक्का, पत्ता सगळं जसंच्या तसं असलेलं आख्खं पाकीट.”

“परफोरेशन?”

ते म्हणजे तिकिटाच्या कडेचे दाते. दोन सेंटिमीटरमध्ये किती दाते बसतात ते पट्टीवर मोजायचं, कारण एकसारख्या दिसणाऱ्या दोन तिकिटांत तेवढाच फरक असू शकतो. कागदातच उमटवलेली खूण म्हणजे वॉटरमार्क. ती बघायला अण्णा काळ्या बशीत तिकीट उलटं ठेवून वर थेंबभर पेट्रोल टाकत. क्षणभर कागदात चांदणी दिसे आणि पेट्रोल उडालं की जाई. आम्ही श्वास रोखून बघायचो. निजामाच्या काळातली थोडी तिकिटंही त्यांच्याकडं होती. त्यांवर उर्दू, तेलुगू, इंग्रजी आणि मराठी अशा चार लिप्यांत किंमत लिहिलेली. “बघ, एवढ्याशा कागदात आपला आख्खा मुलूख बसलाय,” ते म्हणत.

गल्लीतले लोक त्यांना हसत नसत, पण ह्याचा उपयोग काय, असं विचारत. अण्णांचं उत्तर ठरलेलं होतं. “बघायला शिकतो माणूस. दुसरा जे फेकून देतो ते आपण दोनदा बघतो.”

ब्रनोत पहिलं वर्ष मी कारखाना आणि खोली एवढंच केलं. सिमेंटच्या आयत्या भिंती जोडून उभारलेली चौकोनी इमारत, चौथा मजला, खाली ट्राम. तिथले लोक ट्रामला शालिना म्हणतात. हा शब्द त्या देशातही फक्त ह्याच शहरात चालतो. आपल्याकडं जालन्याच्या पलीकडं गेलं की आपली बोली लोकांना मजेशीर वाटते, तसंच. महिन्यातून एकदा मी पोस्टात जायचो आणि खिडकीतल्या बाईंना घोकून ठेवलेलं वाक्य म्हणायचो, “रझीत्को रुच्न्ये, प्रोसिम.” शिक्का हातानं, कृपया. पहिल्यांदा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी न सांगता ड्रॉवरमधून गोल शिक्का काढला. चौथ्यांदा विचारलं, “तू जमवतोस का?”

मी मोबाइलवर शब्द शोधून सांगितलं, वडील जमवतात. त्यांनी एका कागदावर पत्ता लिहून दिला. रविवारी सकाळी एका जुन्या सभागृहात तिकीटवाल्यांचा बाजार भरत असे. तिथं मला पानी व्लास्ता भेटल्या. पानी म्हणजे बाई. ह्या निवृत्त भूगोलाच्या शिक्षिका, वय सत्तरीच्या पुढं. मला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी खिशातून अण्णांचा चिमटा काढला, त्यांच्या समोरचं तिकीट उचलून उलटं केलं आणि बोटानं दाते मोजल्याची खूण केली. त्यांनी लगेच खुर्ची सरकवून दिली. मिंट, परफोरेशन, ब्लॉक म्हणजे न फाडलेली चार तिकिटं, हे शब्द थोड्याफार फरकानं त्यांच्याकडंही तेच होते. त्या देशातली माझी पहिली संभाषणं ह्या दहा-बारा शब्दांवर झाली. कुणी मला विचारलं की हा छंद काय देतो, तर मी हे सांगतो. मला त्यानं माणसं दिली, भाषा यायच्या आधी.

तिथली नवी तिकिटं स्टिकरसारखी असतात, पाण्यात भिजवून सुटत नाहीत. म्हणून अण्णांनी माझी पाकिटं आख्खीच ठेवायचं ठरवलं. ब्लेडनं वरची कड सरळ कापायची, पत्र वाचून परत आत घालायचं आणि पाठीमागं शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहायचं, कधी पोचलं आणि किती दिवस लागले. “तुझा वेगळा खोका केलाय,” त्यांनी फोनवर सांगितलं होतं.

तिसऱ्या वर्षी लग्नासाठी गावी आलो, सारिकाला घेऊन परतलो. मग पत्रं महिन्याची तीन महिन्यांवर गेली. मग अण्णाच एकदा म्हणाले, “आता नको पाठवत जाऊ. टपाल गहाळ व्हायलंय.” मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. दर रविवारी व्हिडिओ कॉल होताच.

पत्रं बंद झाल्याला दोन वर्षं झाली होती. गेल्या हिवाळ्यातला एक रविवार. मी सभागृहात शिरलो तर पानी व्लास्ता लांबूनच हात करत होत्या. त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक दाढीवाला विक्रेता बसला होता. त्याच्यासमोर बुटांच्या खोक्यात पाकिटं उभी लावलेली.

“तुझ्या देशात गेलेली आहेत,” त्या म्हणाल्या; एव्हाना मला त्यांची भाषा कळू लागली होती. “आपल्या इथून भारतात. बघ, शिक्के किती स्वच्छ आहेत.”

लांबच्या देशाला खरोखर गेलेली पाकिटं जमवणारे लोक तिथं आहेत. मी पहिलं पाकीट उचललं. ते प्लास्टिकच्या पिशवीत होतं. वर निळ्या शाईत मराठीत अण्णांचं नाव होतं, खाली भावसिंगपुरा, फक्त देशाचं नाव इंग्रजीत.

मी ते वाचलं आणि मला काहीच कळलं नाही. आपलं स्वतःचं अक्षर अनोळखी ठिकाणी दिसलं की पहिल्यांदा ओळखूच येत नाही. मग ‘भा’चा काना मी जरा लांब ओढतो ते दिसलं. दुसरं पाकीट काढलं, तिसरं काढलं. सगळ्यांवर तेच नाव, तेच अक्षर. आठांवर औरंगाबाद, तिनांवर छत्रपती संभाजीनगर. अकरा पाकिटं. मी ब्रनोतून ज्या खिडकीवरून टाकली होती त्या खिडकीपासून दीड किलोमीटरवर, बुटाच्या खोक्यात, विकायला.

पानी व्लास्तांनी मला खाली बसवलं.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. अण्णा गेले आणि मला कुणी सांगितलं नाही. संग्रह असा बाहेर पडतो तो माणूस गेल्यावरच. पण मागच्याच रविवारी मी त्यांच्याशी बोललो होतो. मग कुणी चोरला? मग विकला? अण्णांनी? माझी पत्रं?

सवयीनं मी पहिलं पाकीट उलटं केलं. पाठीवर अण्णांची पेन्सिल होती, मोत्यासारखी बारीक. ‘पोचले. अकरा दिवस.’ तिसऱ्यावर अक्षर थोडं मोठं झालेलं. पाचव्यावर ओळ खाली घसरलेली. सातव्यावर ‘पोचले’ हा शब्द पाकिटाच्या कडेबाहेर गेलेला, अर्धाच. आठव्यावर एका आकड्यावर दुसरा आकडा बसलेला, वाचता न येण्यासारखा. शेवटच्या तिन्हींवर काही नव्हतं. आणि ती तिन्ही पाकिटं उघडलेलीच नव्हती. मी चिकटवलेली कड जशीच्या तशी होती.

मी ती अकरा पाकिटं टेबलावर तारखेप्रमाणं लावली. पानी व्लास्तांनी चष्मा काढला. त्यांना मराठी येत नव्हती, पण ओळ कशी घसरत गेली ते त्यांनाही दिसत होतं.

“तुझ्या वडिलांचे डोळे,” त्या हळू म्हणाल्या. “कधीपासून?”

मला माहीत नव्हतं. दर रविवारी त्यांचा चेहरा बघणाऱ्या मला माहीत नव्हतं, आणि एका परक्या बाईला पाच मिनिटांत कळलं.

विक्रेत्याला सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. मी त्याच्या वहीत तोच पत्ता लिहून दाखवला. त्यानं दोन्ही अक्षरं शेजारी धरून पाहिली आणि गठ्ठा माझ्याकडं सरकवला. मुंबईच्या कुणा व्यापाऱ्याकडून इंटरनेटवर घेतला होता, म्हणाला. आणखी पाकिटं होती, ती आधीच गेली, कुणाकडं ते त्याला आठवेना.

घरी आलो. दुपार होती, तिकडं संध्याकाळ. रविवारचाच कॉल लावला. आईनं फोन धरला होता, शेजारी अण्णा. मी त्यांच्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. ते कॅमेऱ्याकडं बघत नव्हते, माझ्या आवाजाकडं बघत होते. मी इतकी वर्षं समजत होतो की आईला फोन धरता येत नाही.

मी माझा रिकामा हात वर केला. “अण्णा, माझ्या हातात काय आहे सांगा.”

ते हसले. “काय खेळ लावलास. तिकीटच असंल की, दुसरं काय असणार तुझ्या हातात.”

“बरोबर,” मी म्हणालो. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

सारिका मागं उभी होती. तिनं लॅपटॉप उघडला आणि विमान शोधायला लागली.

गुरुवारी सकाळी मी भावसिंगपुऱ्यात उतरलो. फाटकाचा आवाज ऐकून अण्णा भिंतीला बोटं लावत बाहेर आले. “ये. दमला असशील,” ते म्हणाले, माझ्या खांद्याच्या जरा डावीकडं बघत. घरात तेच कपाट, तोच पलंग, खिडकीतून पहाडातल्या लेण्यांची तीच काळी ओळ.

काचबिंदू होता. एका डोळ्याची नजर आधीच गेली होती, दुसऱ्याची पत्रं बंद व्हायच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत गेली. कडेकडून अंधार येत गेला म्हणून सुरुवातीला त्यांनाही कळलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. गेलेली नजर परत येत नाही.

“मला का नाही सांगितलं?” मी आईला स्वयंपाकघरात विचारलं.

“त्यांनी माझा हात डोक्यावर ठिवून शपथ घातली. म्हणले, पोरगं सगळं सोडून यील. तिथं त्याचं बस्तान बसलंय, उगं हालवू नको.” तिनं पोळी उलटली. “आन् तू तरी कवा इचारलंस. सायकल इकली म्हणलं तर गुडघा दुखत असंल म्हणलास. पेपर बंद केला म्हणलं तर बरं झालं म्हणलास.”

हे खरं होतं. मी हे सगळं ऐकलं होतं आणि प्रत्येक गोष्टीला एक सोपं कारण लावून दिलं होतं.

चहा झाल्यावर अण्णा उठले आणि कपाटाकडं गेले. तीन पावलं, डावीकडं, खालचा कप्पा. सुतळीनं बांधलेला एक खोका काढून त्यांनी पलंगावर ठेवला.

“बाकीचं सगळं देऊन टाकलं,” ते सरळ म्हणाले. “मला दिसंना तर कपाटात वाळवी लावून काय करू. बुद्धाची तिकिटं पाचोडच्या शाळेला दिली, पोरं बघत्यात. राहिलेलं मुंबईच्या एका माणसाला. ज्याला दिसतंय त्याच्याकडं जाऊ दे म्हणलं. तेवढी तुझी पाकिटं ठिवली. ती कशी देईन.” ते खोक्यावरून हात फिरवत होते. “रविवारी तुझा फोन झाला की काढतो. शेवटची तीन उघडलीच नायत. ब्लेड वाकडं गेलं तर तिकीट फाटंल म्हणून. आता तू आलास तर तूच वाच.”

मी सुतळी सोडली. आत विमा कंपनीची पाकिटं होती. विजेच्या बिलांची, लग्नपत्रिकांची, बँकेच्या खिडकीवाल्या लिफाफ्यांची पाकिटं. गल्लीतली मुलं तिकीट भिजवून सोडवायला शिकावीत म्हणून अण्णा असली रद्दी पाकिटं एका खोक्यात साठवत. तोच हा खोका होता. व्यापारी आला त्या दिवशी आई देवगाव रंगारीला माहेरी गेलेली. अण्णांनी बोट दाखवलं असणार, हा नको, तो ने. दोन्ही खोके एकाच मापाचे.

आईनं वाकून आत पाहिलं. तिला मोठी छापील अक्षरं वाचता येतात, प्रौढांच्या वर्गात शिकलेली. विमा कंपनीचं नाव तिला वाचता आलं. तिनं पदर तोंडाला लावला. अण्णांच्या कपाटाला ती कधी हात लावत नसे.

मी ठरवलं, सांगायचं नाही. माझ्या बॅगेत ती अकरा खरी पाकिटं होती. मी हळूच काढली, शेवटचं एक निवडलं आणि म्हणालो, “हं, वाचतो.”

“दे आधी हातात,” अण्णा म्हणाले.

त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. अंगठा कडेवरून फिरला आणि थांबला.

“ही पिशवी कुणाची?”

मी पाकीट परत घ्यायला हात पुढं केला.

“ही जाड पिशवी माझी नाय. मी पाकीट उघडंच ठिवतो, प्लास्टिकमध्ये घाम धरतो कागद. कुणाकडनं आणलंस हे?”

खोटं बोलायला मला काही सुचलं नाही. मी सगळं सांगितलं. सभागृह, बुटांचा खोका, अकरा पाकिटं. पलंगावरच्या खोक्यात काय आहे तेही सांगितलं.

अण्णांनी खोक्यात हात घालून एक पाकीट काढलं आणि बोटानं चाचपलं. खिडकीचा गुळगुळीत कागद बोटाला लागला.

“म्हंजी दोन वर्षं मी विम्याच्या कागदावरनं हात फिरवत व्हतो,” ते म्हणाले. “तुझीच म्हणून धरली, कधी चाचपून बघितलं नाय.”

असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. डोळे गेल्याचं सांगताना जो माणूस सरळ बसला होता तो आता वाकला. आई जाऊन त्यांच्या शेजारी बसली. दुपारी ते जेवले नाहीत.

चारच्या सुमाराला त्यांनीच हाक मारली. “वाच ती तीन.”

मी कड कापली. आई भिंतीला टेकून बसली. मी वाचायला लागलो. ‘ती. अण्णा व आईस सा.न. इकडे सर्व ठीक. कामाचा खूप ताण आहे. थंडी आहे. औषधे वेळेवर घ्या. पुढच्या वर्षी येण्याचा विचार आहे.’ खाली सही. दुसरं पत्र तसंच. तिसऱ्यात थंडीच्या जागी पाऊस.

मी तिन्ही वाचून खाली ठेवली.

“एवढंच?” आई म्हणाली.

“एवढंच.”

“आन् ते म्हातारं? तुमच्या खालच्या मजल्यावर राहतंय, त्याला तू भाकर करून घातलीस ते? आन् नदीतला लंगडा हंस? बाजारात तुला बुद्धाचं तिकीट घावलं, ते तू रडत घरी आणलंस म्हणून लिव्हलं व्हतंस ते?”

मी असलं काही कधी लिहिलं नव्हतं. मी अण्णांकडं पाहिलं. त्यांनी चेहरा खिडकीकडं वळवला होता.

तेव्हा कळलं. अण्णा पाकीट हातात घेऊन उजेडाकडं तोंड करून बसायचे आणि आईला पत्र वाचून दाखवायचे. न दिसणारं, न उघडलेलं पत्र. दर रविवारी थोडं थोडं, ती आत भाकरी थापत असताना. नंतर विम्याच्या पाकिटावरूनही.

“तुला माहीत होतं?” मी आईला विचारलं. “त्यांना दिसत नाही हे?”

“मीच न्हेते की त्यांना डॉक्टरकडं,” ती म्हणाली. “पण लई चांगलं वाचायचे. मला वाटायचं, थोडं तरी खरं असंल.”

मग ती उठून आत गेली. मी माझी तीन पत्रं बघत बसलो. मी ती लिहिली तेव्हा अण्णा ती वाचू शकत नव्हते, आणि त्यांनी मनानं रचलेली मात्र घरात वाचली जात होती. त्या रचलेल्या पत्रांतला मुलगा माझ्यापेक्षा बरा होता. तो लोकांना जेवू घालत होता, हंस बघत होता. मी ट्राममधून रोज नदी ओलांडायचो आणि एकदाही खाली पाहिलं नव्हतं.

खिडकीकडं तोंड ठेवूनच अण्णा म्हणाले, “त्या व्यापाऱ्याला बोल लावू नको. त्यानं पुन्हा इचारलं व्हतं, हाच का म्हणून. मीच व्हय म्हणलं.” आणि मग, “बाकीची पाकिटं?”

“गेली. कुठं गेली माहीत नाही.”

“जाऊ दे. तिकडं कुणीतरी शिक्का तर बघंल.”

मी तीन आठवडे राहिलो. त्यांना घेऊन पाचोडला गेलो. शाळेत काचेच्या पेटीत त्यांचे बुद्ध लावले होते. अण्णा पेटीवर हात ठेवून उभे राहिले आणि मुलांना एकेका तिकिटाबद्दल सांगत गेले, क्रमानं, न चुकता. मधेच एका मुलीनं सांगितलं की आजोबा, तुम्ही म्हणता ते भूतानचं ह्या रांगेत नाही, खालच्या रांगेत आहे. अण्णांनी तिचे आभार मानले आणि यादी मनातल्या मनात दुरुस्त करून घेतली.

मग ब्रनोला परतलो. इकडं या म्हटलं तर ते येत नाहीत, आणि मी इथलं सोडून जाण्याचं अजून धाडस केलेलं नाही. ह्यात मी काही झाकून ठेवत नाही, जसं आहे तसं सांगतो.

आता रविवारी सभागृहातूनच मी फोन लावतो. कॅमेरा बंद ठेवतो. पानी व्लास्ता एखादं तिकीट पुढं करतात आणि मी सांगायला लागतो. उभं तिकीट, दोन रंग, विटकरी आणि काळा. दाते साडेअकरा. शिक्का डाव्या कोपऱ्यात, अर्धा. गोंद नाही. अण्णा मधे अडवतात. “विटकरी म्हंजी कसला, कवेलूचा का कुंकवाचा?” मी पुन्हा बघतो. छपराच्या कौलाचा, म्हणजे कवेलूचा. “कागद कसा, चकचकीत का मठ्ठ?” मठ्ठ. लहानपणी पाठ केलेले ते सगळे शब्द नसते तर मला हे सांगता आलं नसतं आणि त्यांना हे दिसलं नसतं. दहा-बारा प्रश्न झाले की ते म्हणतात, “हां, आलं.” त्यांना आलेलं तिकीट आणि माझ्या हातातलं तिकीट एकच असतं का, कोण जाणे.

मग फोन आईकडं जातो. तिला तिकीट नको असतं. “आज नदीत काय दिसलं?” ती विचारते. म्हणून मी आता शालिनेतून दोन थांबे आधी उतरतो आणि पुलावरून चालत येतो. हंस आहेत. लंगडा अजून सापडलेला नाही, तसं मी तिला खरं सांगतो. ती म्हणते, नीट बघ.

माझ्यासारखे बाहेर गेलेले जे हे वाचत असतील त्यांना एवढंच सांगायचं आहे. पुढच्या वेळी फोन लावाल तेव्हा घरच्यांना विचारा, माझ्या अंगात कोणत्या रंगाचा सदरा आहे. उत्तर बरोबर आलं तर बरंच आहे. घर सोडल्यावर मला वाटायचं की घर म्हणजे जिथं आपल्याला न सांगता सगळं कळतं ती जागा. आता मला घर म्हणजे ते दोघं वाटतात, ज्यांना मी दिवसभरात पाहिलेलं सगळं सांगायला बांधलेलो आहे, आणि खरं सांगायला.